अठरा वर्षांवरचा कोणीही

कॅलिफोर्नियाच्या शिक्षणकायद्यातलं प्रवेशाचं एक कलम मी वाचलं आणि खात्री करायला पुन्हा वरपासून वाचलं. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या कम्युनिटी कॉलेजात कोणाला घ्यायचं, हे त्यात सांगितलंय. बारावीच्या बरोबरीचं शिक्षण झालेला राज्यातला कोणीही रहिवासी आला, तर त्याला घ्यायचंच. तेवढंही शिक्षण नसलेला, पण अठरा वर्षांच्या वरचा माणूस आला तर? इथल्या शिकवण्याचा त्याला उपयोग होईल असं कॉलेजला वाटलं, की त्यालाही घेता येतं. टक्केवारीचा उल्लेख नाही. कमाल वय नाही. मधे किती वर्षं वाया गेली, याची विचारणा नाही.

दहावी-बारावीचे निकाल लागले की कट-ऑफच्या याद्यांवर बोटं फिरवत बसणाऱ्या आपल्यासारख्यांना हे कलम जवळजवळ अशक्य वाटतं. नव्वद टक्के मिळवून हव्या त्या कॉलेजबाहेर राहिलेली मुलं आपण घराघरांत पाहिलेली असतात. आणि इथे एक आख्खी व्यवस्था उभी आहे, जिचा पायाच ‘या’ म्हणण्यावर घातलेला आहे.

असं म्हणायचं धाडस कुठून आलं? सुरुवात लहानशी होती. 1901 साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात, तिथल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी शाळा संपलेल्या मुलांसाठी पुढचे वर्ग काढले. विद्यार्थी सहा. गाव न सोडता, वसतिगृहाचा खर्च न करता कॉलेजची पहिली दोन वर्षं करता यावीत, एवढाच हेतू. जोलिएटचं ते कॉलेज आजही चालू आहे. मग दुसरं महायुद्ध आलं. 1944 च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला आणि वर्गांत एकदम तिशीतली, बायकामुलं असलेली, युद्ध पाहिलेली माणसं येऊन बसली. तोवर विद्यार्थी म्हणजे कोवळं पोर, असं सगळे धरून चालले होते. 1947 मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने गावोगावी अशी कॉलेजं काढावीत आणि त्यांनी प्रौढांच्याही शिक्षणाचं केंद्र व्हावं, असं सुचवलं. 1960 च्या दशकात तर अमेरिकेत चारशेहून अधिक सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजं निघाली. म्हणजे सरासरीने जवळजवळ दर आठवड्याला एक!

कॅलिफोर्नियाने 1960 मध्येच सबंध राज्याचा आराखडा आखला. गुणवत्तेतले वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी मुख्य विद्यापीठात जातील, वरचे एक तृतीयांश राज्य महाविद्यालयांत, आणि कम्युनिटी कॉलेजं सगळ्यांसाठी. तिथे दोन वर्षं नीट केलेल्या मुलाला वरच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता यावं, ही वाटही त्यातच ठेवली. या आराखड्यातला मला सर्वांत थोर वाटणारा भाग हा आहे. निवड करणारी संस्था उभारताना, निवड न करणारी संस्थाही त्याच कागदावर, त्याच गंभीरपणे उभारली. आज त्या एका राज्यात अशी 116 कॉलेजं आहेत.

या कॉलेजांना दोन दारं असतात. एक पदवीकडे जाणारं. दुसरं नॉनक्रेडिट वर्गांचं, आणि खरं कुतूहल मला या दुसऱ्याचं आहे. इथे पदवीसाठी मोजायची क्रेडिट मिळत नाहीत. कॅलिफोर्नियात या वर्गांना शिकवणीची फीही नसते. कोणत्या विषयांना राज्याचा पैसा मिळेल, याची यादी ठरलेली आहे आणि ती यादी वाचणं म्हणजे एका समाजाला आपल्या माणसांची काय काळजी वाटते, ते वाचणं. नव्याने आलेल्यांसाठी इंग्रजी. नागरिकत्वाच्या मुलाखतीची तयारी. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी वाचन आणि गणित. अपंग व्यक्तींसाठी वर्ग. आईबाप होणाऱ्यांसाठी वर्ग. छोट्या मुदतीची व्यवसायकौशल्यं. आणि वृद्धांसाठी स्वतंत्र वर्ग. सँटा मोनिका कॉलेजात 1975 पासून केवळ ज्येष्ठांसाठीचा एमेरिटस नावाचा विभाग आहे. साहित्य, चित्रकला, संगीत, आठवणी लिहिणं, व्यायाम असं सगळं तिथे शिकवलं जातं.

या वर्गांचं कामकाजही वेगळं. बऱ्याच वर्गांत सत्राच्या मधल्या कुठल्याही आठवड्यात येऊन बसता येतं. कामाची पाळी बदलली, मूल आजारी पडलं, तर थांबता येतं आणि परत येता येतं. पदवीच्या वर्गांचा निधी ठरवताना सत्रातल्या एका ठरावीक दिवशी पटावर किती नावं आहेत, ते पाहतात. नॉनक्रेडिटमध्ये बहुतेक ठिकाणी माणसं प्रत्यक्ष किती तास वर्गात बसली, ते मोजतात. भांडी घासून, मुलांना निजवून, बस पकडून आलेल्या बाईचा वर्गातला एकेक तास कॉलेजच्या हिशेबात जमा होतो. मला हा रुक्ष हिशेब फार आवडतो.

पण इथेच एक जुना प्रश्न उभा राहतो. मोठ्या वयात खरंच शिकता येतं का? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम जेम्ससारख्या मोठ्या मानसशास्त्रज्ञाचं मत असं होतं, की आपल्या धंद्याबाहेरच्या ज्या कल्पना पंचविशीपर्यंत डोक्यात शिरल्या, जवळपास त्याच जन्मभर पुरवायच्या. 1928 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या एडवर्ड थॉर्नडाइक यांनी प्रयोग करून हा समज बराच ढिला केला. त्यांनी प्रौढांना एस्परांतोसारखी पूर्ण नवी भाषासुद्धा शिकवून पाहिली. विशीच्या सुरुवातीनंतर शिकण्याची ताकद घटते खरी, पण पंचेचाळिशीपर्यंत वर्षाला साधारण एखाद टक्का, असा त्यांचा निष्कर्ष होता. नव्या गोष्टीला भिडायला चाळिशीतल्या माणसाने घाबरावं, इतकी ती घट नव्हती.

त्यानंतरच्या गोष्टीने मी अजून भारावलेलो आहे. के. वॉर्नर शाय हा जर्मनीत जन्मलेला ज्यू मुलगा. नाझींपासून पळून त्याचं कुटुंब शांघायला गेलं आणि युद्धानंतर हा तरुण सॅन फ्रान्सिस्कोला पोचला. रात्री छापखान्यात काम करायचं आणि दिवसा सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को या कम्युनिटी कॉलेजात शिकायचं, असा त्याचा क्रम होता. पुढे तो बर्कलेच्या विद्यापीठात गेला. विद्यार्थी असतानाच म्हाताऱ्या माणसांच्या बुद्धीच्या चाचण्या घ्यायची कल्पना त्याच्या डोक्यात आली आणि वृद्धांना तपासणाऱ्या त्याच्या घरच्या डॉक्टरांनी आपले रुग्ण त्याला चाचणीसाठी मिळवून दिले.

तोवर अशा चाचण्यांची रीत एकच होती. वेगवेगळ्या वयाची माणसं एकाच वेळी बसवायची आणि गुणांची तुलना करायची. म्हातारी माणसं मागे पडायची आणि अनुमान निघायचं, की वयाबरोबर बुद्धी झरत जाते. यातली खोच आपल्याला चटकन कळावी. सत्तर वर्षांची आजी आणि पंचवीस वर्षांची नात यांना आज एकच पेपर दिला आणि आजी मागे पडली, तर तो फरक वयाचा की आजीला चौथीत शाळेतून काढलं त्याचा? शाय यांनी 1956 मध्ये सिॲटलमधल्या 500 जणांच्या चाचण्या घेतल्या. मग सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा बोलावलं. पुन्हा सात वर्षांनी. नवी माणसं जोडत गेले आणि अभ्यास अर्धशतकाहून जास्त चालला.

दिसलं ते असं. झटपट ओळखण्याचा वेग तरुणपणापासूनच मंदावतो, त्यात शंका नाही. पण शब्दांची जाण, तर्क, आकार मनात फिरवून पाहणं यांसारख्या बहुतेक क्षमता साठीपर्यंत टिकून राहतात. शब्दांची जाण तर पन्नाशी-साठीच्या सुमाराला सर्वांत भरात असते. 1980 च्या दशकात शाय आणि त्यांच्या पत्नी शेरी विलिस यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. चौसष्ट वर्षांवरच्या, ज्यांची घसरण त्यांनी स्वतः चौदा वर्षांत मोजलेली होती अशा लोकांना फक्त पाच तासांचं शिक्षण दिलं. त्यांच्यातले सुमारे चाळीस टक्के लोक चौदा वर्षांपूर्वीच्या पातळीवर परत आले. पाच तास! जे गेलं असं वाटत होतं, ते पुष्कळांच्या बाबतीत वापराविना पडून होतं. आणि हे जगाला दाखवून देणारा माणूस रात्रपाळी करून कम्युनिटी कॉलेजच्या बाकावर बसलेला होता.

मग वाटतं, शिकणं महत्त्वाचं की नुसतं घराबाहेर पडणं, चार माणसांत बसणं? डॅलसमध्ये डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं; निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. साठ ते नव्वद वर्षांच्या काही लोकांना तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, नक्षीची गोधडी शिवणं किंवा डिजिटल फोटोग्राफी किंवा दोन्ही शिकवलं. दुसऱ्या काहींना तेवढाच वेळ गप्पा, सहली, खेळ यांत एकत्र ठेवलं. स्मरणशक्ती सुधारली ती नवं आणि अवघड काही शिकणाऱ्यांची. गप्पा माणसाला हव्याच असतात. पण लेन्सचं गणित डोक्यात शिरताना, टाके उसवून पुन्हा घालताना मेंदूला जे करावं लागतं, ते गप्पांत करावं लागत नाही. संध्याकाळच्या ‘छंदवर्गां’ना फावल्या वेळचा विरंगुळा म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर वाचावा.

आता आपल्या अगदी जवळचा पुरावा. 2017 मध्ये युरोपातल्या आणि भारतातल्या संशोधकांनी लखनौजवळच्या खेड्यांतल्या, सरासरी तिशीच्या, लिहितावाचता न येणाऱ्या माणसांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. सहा महिने त्यांना हिंदी वाचायला शिकवलं, म्हणजे हीच देवनागरी, जी तुम्ही आत्ता वाचताय. आधी आणि नंतर मेंदूची स्कॅन घेतली. अक्षर ओळखण्याचा परिणाम मेंदूच्या वरच्या थरांत दिसेल, ही अपेक्षा होती. त्या अभ्यासात बदल खोल आतपर्यंत दिसला, थॅलॅमस आणि मेंदूच्या देठापर्यंत, जिथे नजर कुठे वळवायची याची कामं चालतात. काना, मात्रा, वेलांटी शिकताना तिशीतल्या बाईचा मेंदू आतून नवी जुळणी करत होता.

मोठ्या माणसांना शिकवायची ही ओढ आपल्याकडे परदेशातून आली, असं मात्र कोणी समजू नये. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली होती, जोलिएटच्या सेहेचाळीस वर्षं आधी. दिवसभर राबणाऱ्याला शिकवायचं तर शाळेने रात्री जागं राहिलं पाहिजे, हा साधा आणि थोर विचार त्यांनी अमलात आणला. 1946 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले. नोकरी करणाऱ्याला कचेरी गाठायच्या आत शिकून घेता यावं म्हणून.

कॅलिफोर्नियात आज आपली माणसंही या वर्गांत आहेत. नवऱ्याच्या नोकरीमागे एच-4 व्हिसावर गेलेल्या कितीतरी मराठी मुलींना, हाताशी पदव्या असूनही, वर्षानुवर्षं नोकरीची परवानगी नसते. शिकायला मात्र त्या व्हिसावर मनाई नाही. त्यांच्यासाठी जवळचं कम्युनिटी कॉलेज म्हणजे आठवड्यातून दोन-तीन दिवस स्वतःच्या नावाने हाक ऐकण्याची जागा.

सगळंच गोड नाही. पदवीच्या दाराने आत आलेल्यांपैकी फार मोठा भाग पदवीपर्यंत पोचत नाही. भाडं, पाळी, पाळणाघर यांपुढे अभ्यास हरतो. आणि राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला, की पहिली कात्री बऱ्याचदा ज्येष्ठांच्या आणि नॉनक्रेडिट वर्गांवर चालते. कारण त्यांचं फळ पदव्यांच्या आकड्यांत दिसत नाही. मला हा अन्याय वाटतो. सत्तरीतल्या बाईने लिहिलेल्या पहिल्या आठवणीला कोणत्या रकान्यात टाकायचं, हे प्रशासनाला सुचत नसेल, तर रकाना वाढवावा. वर्ग बंद करू नये.

हायमे एस्कलांते यांचं उदाहरण तर कोणत्याच रकान्यात मावत नाही. बोलिव्हियात गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारा हा नावाजलेला शिक्षक 1960 च्या दशकात, तिशी ओलांडल्यावर, अमेरिकेत आला. इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांची शिक्षकाची पात्रता तिथे चालत नव्हती. त्यांनी एका कॉफी शॉपमध्ये फरशी पुसायचं काम धरलं आणि पॅसाडिना सिटी कॉलेजात नाव घातलं. तिथे इंग्रजी शिकले, मग इलेक्ट्रॉनिक्स शिकले. वर्षानुवर्षं असं शिकत राहून 1974 मध्ये ते पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कूलमध्ये पुन्हा शिक्षक झाले. 1982 मध्ये तिथल्या गरीब, बहुतेक मेक्सिकन कुटुंबांतल्या 18 मुलांनी कॅल्क्युलसची अवघड परीक्षा दिली आणि सगळी पास झाली. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला हा निकाल खराच वाटेना. तिने 14 जणांवर संशय घेतला. त्यांतली 12 मुलं पुन्हा परीक्षेला बसली आणि पुन्हा पास झाली. पुढे एस्कलांते यांचा पसारा वाढला आणि शाळेच्या मुलांचे उन्हाळी गणितवर्ग भरवायला त्यांना जागा हवी होती. ती त्यांना मिळाली ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजात. तेही कम्युनिटी कॉलेजच.