धुतलेल्या कपड्यांना कुबट वास का येतो?

पावसाळा सुरू झाला, की कर्जत-खालापूर भागात एक तक्रार हटकून ऐकू येते. कपडे कालच धुतले, साबणही भरपूर लावला, तरी त्यांना कुबट वास येतो. सुकलेला टॉवेल बरा वाटतो, पण अंग पुसायला घेतला की नाकाशी धरवत नाही. पावडर बदलावी, जास्त घालावी, की सुवासिक द्रव वापरावे, असे अनेक गृहिणी मला दवाखान्यात विचारतात. वरवर पाहता हा प्रश्न डॉक्टरांचा नाही. परंतु ज्या घरातून कुबट वासाची तक्रार येते, त्याच घरातून पुष्कळदा गजकर्णाचीही येते. म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

प्रथम हा वास येतो कोठून ते पाहू. कपडा धुतला तरी त्यात घामाचा व त्वचेच्या तेलकटपणाचा थोडा अंश राहतो. नीट न खळबळल्यास साबणही राहतो. कपडा बराच वेळ ओला राहिला, की या अंशावर सूक्ष्म जंतू वाढतात आणि त्यांच्यापासून वासाची आम्ले तयार होतात. २०१२ साली जपानमधील संशोधकांनी या वासाचे मुख्य मूळ मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस या जंतूत असल्याचे दाखवले. हा जंतू मोठा चिवट आहे. कपडा वाळला तरी तो मरत नाही, उन्हालाही बऱ्यापैकी दाद देत नाही. म्हणूनच वाळलेला टॉवेल बरा वाटतो आणि ओला होताच वास पुन्हा उठतो.

निरोगी माणसाला हा जंतू सहसा अपाय करीत नाही. मात्र त्याचा वास एक गोष्ट सांगतो, की हा कपडा फार वेळ ओला राहिला आहे. तोच ओलावा गजकर्णाच्या बुरशीलाही मानवतो.

आमचे शेलू वांगणी आणि नेरळ या स्थानकांच्या मध्ये, उल्हास नदीच्या खोऱ्यात वसले आहे. आषाढ-श्रावणात येथील हवेतील आर्द्रता कित्येक दिवस ८०-९० टक्क्यांच्या खाली उतरत नाही. अशा हवेत कपड्यातले पाणी जाणार कोठे? त्यातच नवीन इमारतींतील गॅलऱ्या लहान. मुंबईची पहाटेची गाडी गाठणारी मंडळी रात्री कपडे धुतात आणि दारे-खिडक्या बंद करून घरातच वाळत घालतात. सकाळी दमट बनियन, दमट मोजे तसेच अंगावर चढतात आणि गाडीच्या गर्दीत जवळजवळ दोन तास घामात राहतात. जांघा, काखा आणि बोटांच्या बेचक्यांत बुरशीला याहून सोयीचे काय हवे?

अलीकडे गजकर्ण पूर्वीसारखे चटकन बरे होत नाही. २०२० साली वेगळी प्रजाती म्हणून नाव मिळालेल्या ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीवर टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध अनेकदा लागू पडत नाही. शिवाय दुकानातून आपल्या मनाने आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे चार दिवस खाज थांबवतात आणि पुढे रोग पसरवतात. बुरशीचे कण कपड्यांतही टिकतात. त्यामुळे एकाचा टॉवेल दुसऱ्याने वापरला, की रोग घरभर फिरतो.

आता उपाय. जादा पावडर घालणे हा उपाय नव्हे. न निघालेली पावडर जंतूंना आसराच देते. पावडर मोजून घालावी आणि कपडे एकदा जास्त खळबळावेत. सुवासिक द्रवाने वास झाकला जातो, जंतू जात नाहीत. टॉवेलला तर ते लावूच नये, कारण त्याने टॉवेल पाणी नीट शोषत नाही.

वास बसलेल्या सुती कपड्यांना गरम पाण्याचा उपाय सर्वांत खात्रीचा. पूर्वी परीट कपडे भट्टीत घालत, त्यामागचे मर्म हेच. दोन भाग उकळते पाणी व एक भाग साधे पाणी घ्यावे. कपडे घातल्यावर ते साधारण ६० अंशांच्या घरात राहते. बादलीमागे मूठभर धुण्याचा सोडा घालून कपडे अर्धा तास झाकून ठेवावेत, मग नेहमीप्रमाणे धुवावेत. गजकर्ण असलेल्या माणसाचे सुती कपडेही असेच वेगळे धुवावेत. रेशमी, लोकरी व कच्च्या रंगाचे कपडे यात घालू नयेत. लहान मुले या पाण्यापासून दूर ठेवावीत.

पांढऱ्या सुती कपड्यांना ब्लीचही चालते. परंतु ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू फुप्फुसांना घातक असतो.

यंत्रात कपडे ठासून भरू नयेत. धुणे संपताच बाहेर काढावेत. दाराचे रबर, पावडरीचा खण आणि धाग्यांची जाळी पुसून घ्यावी व झाकण उघडे ठेवावे. महिन्यातून एकदा कपडे न घालता गरम पाण्याचा फेरा चालवावा. यंत्रालाच वास असेल तर कपड्यांना तो येणारच.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कपडा लवकर वाळला पाहिजे. पावसाळ्यात थोडे थोडे कपडे रोज धुवावेत. दोन कपड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवावे, पॅन्टी व शर्ट उलटे करून टांगावेत, पंखा लावावा आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या किलकिल्या ठेवाव्यात. अंगालगतचे कपडे शेवटी इस्त्रीने कोरडे करावेत. आपल्या आज्या शेगडीवर टोपली पालथी घालून बाळाची लंगोटी वाळवत, तेही याचसाठी. आज बंद खोलीत कोळसा मात्र पेटवू नये. त्याचा विषारी वायू कळण्याआधीच जीव घेतो.

संकोचामुळे न बोलली जाणारी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. मासिक पाळीचे कापड अजूनही पुष्कळ घरांत साडीखाली किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात वाळते, म्हणजे खरे तर वाळतच नाही. असे दमट कापड वापरल्याने त्या जागी खाज व चट्टे येऊ शकतात. ते कापड इतर कपड्यांप्रमाणे मोकळ्या हवेत वाळवावे, ऊन पडेल तेव्हा उन्हात टाकावे व पूर्ण कोरडे झाल्यावरच ठेवावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. घरातील थोरल्या बायकांनीच मुलींना तसे सांगावे.

दमट कपडे कपाटात ठेवून डांबरगोळ्या टाकणे, हाही उपाय नव्हे. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या कधीच टाकू नयेत. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी हे विकर जन्मतः कमी असते. गोळ्यांतील नॅप्थलीनमुळे अशा बाळाच्या तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते.

घरात कोणाच्या अंगावर खाजणारा, कडेने पसरणारा गोल चट्टा दिसला तर मलमाचे प्रयोग न करता डॉक्टरांना दाखवावे आणि दिलेले औषध खाज थांबल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावे. त्या काळात प्रत्येकाचा टॉवेल वेगळा असावा आणि अंगावर चढणारा प्रत्येक कपडा पूर्ण कोरडा असावा.