सोंगातला किल्ट आणि खरा किल्ट

सोंग घेण्याची हौस मनुष्यमात्राला आहे. आपला बहुरूपी कधी पोलीस, कधी साधू होऊन दारोदार हिंडतो. शिमग्यात गावोगावी सोंगे निघतात. घाटाखाली गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराच्या अक्राळविक्राळ प्रतिमा जाळल्या जातात. लोंढ्यासारख्या जंक्शनच्या गावी तर घाटावरच्या आणि घाटाखालच्या रीती गाडीबरोबर ये-जा करीत आल्या आहेत. अलीकडे त्यांत ‘हॅलोवीन’ या पाहुण्या सणाची भर पडली आहे. पुण्या-बंगळुरात किंवा परदेशी असलेली आपली मुले ३१ ऑक्टोबरला वेषांतर करतात आणि त्यांची छायाचित्रे घरोघरी पोहोचतात. अशाच एका छायाचित्रात माझ्या नात्यातील एक तरुण चौकड्यांचे, चुण्यांचे वस्त्र कमरेस गुंडाळून उभा होता. ‘घागरा का नेसला?’ असे घरात सर्वांनी विचारले. तो घागरा नव्हे, स्कॉटलंडचा किल्ट होता. या वस्त्राविषयी, आणि अशा वेषांतरात वैद्यकीय दृष्टीला जाणवणाऱ्या एका धोक्याविषयी, चार गोष्टी वाचकांपुढे ठेवतो.

हॅलोवीन आणि किल्ट यांचे नाते दिसते त्याहून जवळचे आहे. आयर्लंड-स्कॉटलंडमधील केल्टिक लोकांचा हिवाळ्याच्या आरंभीचा ‘सावन’ हा सण आणि ख्रिस्ती संतांच्या स्मरणदिनाची पूर्वसंध्या यांच्या मिलाफातून हॅलोवीन घडला. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स याने १७८५ साली याच नावाचे काव्य लिहून खेड्यांतील प्रथा टिपल्या. तिकडे मुले सोंगे घेऊन घरोघर जात, आणि गाणे किंवा कविता म्हणून दाखविल्यावर त्यांना फळे, सुका मेवा मिळे. या प्रथेला ‘गायझिंग’ म्हणतात. आपल्या बहुरूप्याशी तिचे साम्य सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकात आयरिश व स्कॉटिश स्थलांतरितांबरोबर हा सण अमेरिकेत गेला. तेथे सलगमाच्या कंदिलाची जागा भोपळ्याने घेतली आणि तेथून तो जगभर पसरला.

किल्ट हा पुरुषांचा पेहराव. त्याचे मूळ रूप म्हणजे एक लांबलचक, न शिवलेले लोकरी वस्त्र. कमरेभोवती निऱ्या घालून ते पट्ट्याने आवळीत आणि उरलेला भाग खांद्यावर टाकीत. रात्री तेच पांघरूण होई. आपल्या धनगराच्या घोंगडीची येथे आठवण व्हावी. अठराव्या शतकात त्याचा खालचा भाग वेगळा होऊन आजचा आखूड, शिवलेला किल्ट रूढ झाला. उत्तम किल्टला सुमारे ८ वार कापड लागते. आपल्या नऊवारीपेक्षा ते एखादाच वार कमी! निऱ्या मात्र मागे असतात व पुढची बाजू सपाट राहते.

या वस्त्राने राजरोषही सोसला आहे. १७४५ साली हायलँड प्रदेशात उठाव झाला व १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडन येथे त्याचा बीमोड झाला. त्यानंतर ब्रिटिश संसदेने हायलँडचा पेहराव करण्यास बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास ६ महिने कैद आणि दुसऱ्यास ७ वर्षांची हद्दपारी होती. बंदी १७८२ साली उठली. सैन्यातील हायलँडर पलटणींना मात्र तिच्यातून सूट होती. पुढे अशाच दोन पलटणी, ७४ व ७८ क्रमांकाच्या, २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभ्या होत्या. म्हणजे हायलँडर शिपायाची आणि मराठ्यांची ओळख जुनी आहे, आणि ती जालना जिल्ह्याच्या मातीत, तलवारीच्या धारेवर झालेली आहे. आज स्कॉटिश वर लग्नात किल्ट नेसून उभा राहतो, तेव्हा त्यामागे हा इतिहास असतो.

आता माझ्या व्यवसायाशी संबंधित मुद्दा. सोंगाचा किल्ट खऱ्याचा आकार घेतो, पण त्याचे कापड घेत नाही. खरा किल्ट जाड, घट्ट विणीच्या लोकरीचा असतो. लोकर सहसा भडकत नाही. ज्वलन टिकण्यासाठी हवेत किती प्राणवायू लागतो याचे एक माप आहे. लोकरीसाठी ते सुमारे २५ टक्के येते आणि हवेत प्राणवायू २१ टक्केच असतो; म्हणून ज्योत दूर केली की लोकर बहुधा विझते. सुती व ॲक्रिलिक कापडासाठी हे माप १८ टक्क्यांच्या आसपास आहे. पॉलिएस्टर सुमारे २५० ते २६० अंशांना वितळून त्वचेला चिकटते आणि जखम खोल करते. स्वस्त सोंगाचे कपडे बहुधा अशाच पातळ कृत्रिम धाग्यांचे असतात. त्यांतून निऱ्यांमध्ये हवा खेळती राहते आणि ज्योत खालून वर चढते. ब्रिटनमध्ये मुलांचे असे पोशाख ‘खेळणी’ या वर्गात मोडतात, आणि आगीबाबत त्या वर्गाची कसोटी मुलांच्या रात्रीच्या कपड्यांच्या कसोटीहून सौम्य आहे.

आपल्याकडे या गोष्टीला विशेष महत्त्व आहे, कारण हॅलोवीन दिवाळीच्या आगेमागे येतो. २०२४ साली तर नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले. अंगणात पणत्या, हातात फुलबाजी आणि अंगावर झुळझुळीत सोंग हा मेळ घातक आहे. म्हणून पालकांनी पोशाख अंगाबरोबर बसणारा घ्यावा, लोंबती झालर टाळावी आणि सोंग घेतलेल्या मुलास फटाक्यांपासून दूर ठेवावे. कपड्याने पेट घेतलाच तर धावू नये. थांबावे, जमिनीवर पडावे, लोळावे. भाजलेल्या जागी २० मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे. कातडीस न चिकटलेले कपडे व दागिने काढावेत, चिकटलेले ओढू नयेत. बर्फ, शाई, टूथपेस्ट लावू नये आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. ही माहिती प्रत्येक डॉक्टरने दिवाळीपूर्वी आपल्या रुग्णांना सांगावी, अशी माझी विनंती आहे.

सोंगात किल्ट नेसावा की नाही? माझ्या मते खुशाल नेसावा. मात्र लाल केसांचा टोप आणि हातात बाटली घेऊन एका समाजाचे विडंबन करू नये. आपली नऊवारी किंवा फेटा परक्याने चेष्टेसाठी वापरला तर आपल्यालाही रुचणार नाही. वस्त्राचा इतिहास जाणून, कापड पारखून आणि दिव्यापासून अंतर राखून ज्याने सोंग घेतले, त्याने आनंदही घेतला आणि सुरक्षितपणे घरीही परतला. दोन्ही गोष्टी सारख्याच मोलाच्या आहेत.