हत्तीची पँट का फाटली?

मागच्या पावसाळ्यात पोस्टर प्रेझेंटेशनसाठी बँकॉकला गेले होते. शेवटच्या दिवशी सगळे जातात तशी ग्रँड पॅलेस बघायला गेले. तिथे गुडघे उघडे असतील तर आत सोडत नाहीत. त्यामुळे बाहेर हत्तींच्या नक्षीच्या ढगळ पँटींची रेलचेल, आणि शॉर्ट्सवर आलेले बॅकपॅकर्स घाईघाईने त्या वरून चढवतायत! खाओ सान रोडवर तर हा त्यांचा जवळपास युनिफॉर्मच. (गोव्यात हणजूणच्या बुधवारच्या बाजारात फिरला असाल तर साधारण असेच कपडे पाहिले असतील.) मीही एक घेतली. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "कॉटन, कॉटन." रात्री बेसिनमध्ये धुतली, चांगली पिळली, आणि मांडीपाशी टर्रकन फाटली.

"स्वस्तातला माल, फाटणारच," हे माझं उत्तर. लॅबमध्ये हा किस्सा सांगितला तर गाइड म्हणाले, "बरं, पण हे तपासणार कसं?" मला सांगता येईना. किंमत काही कापडात शिरून धागा तोडत नाही. मग प्रश्न बदलला: हे कापड नेमकं कशाचं आहे, आणि ते ओलं असतानाच का फाटलं?

पहिली चाचणी सोपी वाटली. शिवणीच्या आतला धागा काढून जाळला. पॉलिएस्टर असतं तर वितळून कडक मणी झाला असता. इथे कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख. मी लगेच वहीत लिहिलं, "कॉटन." इथेच चुकले.

कापूस आणि व्हिस्कोस (आपल्याकडे दुकानदार ज्याला रेयॉन म्हणतात) दोन्ही सेल्युलोजच. दोन्ही सारखेच जळतात. म्हणजे या चाचणीने पॉलिएस्टर बाद केलं, पण उरलेल्या दोघांत निवड करायची ताकदच तिच्यात नव्हती. तुमच्या प्रपोजलमधली प्रत्येक चाचणी एकदा अशी तपासा: माझं म्हणणं खोटं असतं, तरी हाच निकाल आला असता का?

दुसरी चाचणी घरी केली. एका धाग्याला प्लास्टिकची बाटली टांगायची, धागा तुटेपर्यंत हळूहळू पाणी ओतायचं, मग बाटली वजन करायची. दहा धागे कोरडे, दहा भिजवलेले. तुलनेसाठी घरातला जुना सुती पंचा. पंच्याचा धागा जाड होता, म्हणून पँटविरुद्ध पंचा अशी सरळ तुलना केली नाही. प्रत्येक कापडाचा ओला धागा त्याच कापडाच्या कोरड्या धाग्याशीच ताडून पाहिला. पंच्याचा ओला धागा कोरड्यापेक्षा थोडा जास्तच टिकला. पँटच्या ओल्या धाग्याने मात्र कोरड्याच्या जेमतेम निम्मं वजन पेललं.

एकच रेणू, मग वागणूक उलटी का? व्हिस्कोसचं पेटंट इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी 1892 मध्ये घेतलं. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवायचा आणि आम्लात सोडून परत तंतू करायचा. (कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक असतं. त्यावर स्वतंत्र लेख हवा.) या खटाटोपात सेल्युलोजच्या साखळ्या तुटतात. कापसात एका साखळीत हजारो ग्लुकोज एकके असतात, व्हिस्कोसमध्ये काहीशेच उरतात, आणि त्यांची रचनाही जास्त विस्कळीत असते. अशा मोकळ्या जागांत पाणी शिरतं, साखळ्यांमधले हायड्रोजन बंध स्वतःकडे ओढून घेतं, आणि आखूड साखळ्या एकमेकींवरून घसरतात. कापसात लांब साखळ्यांची घट्ट बांधणी टिकून राहते. पाण्याने तंतू फुगून थोडा लवचीक होतो आणि ताण जास्त सारखा वाटला जातो.

तरीही "व्हिस्कोस" असं लिहायला मी थांबले. वीस धाग्यांवर, बाटलीच्या तराजूवर किती विश्वास ठेवणार? शेवटी लॅबमधल्या मायक्रोस्कोपखाली पाहिलं. कापसाचा तंतू पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. हा सरळ होता, लांबीभर बारीक रेषा असलेला. खरं तर सुरुवात इथूनच करायला हवी होती, पाच मिनिटांचं काम!

पँट अजून वापरते. फाटला भाग कापून तिची तीन-चतुर्थांश केली आहे. धुतल्यावर पिळत नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबते.