माणूस आत, प्रश्न घरी

आपल्याकडे 'आत गेला' एवढंच म्हणतात. कुठे, किती दिवसांसाठी, हे पुढे कोणी उच्चारत नाही. पण ज्या घरातला माणूस आत जातो, त्या घरच्या बाईला हजार प्रश्न पडतात. विचारायचे कुणाला? शेजारणीला सांगावं तर गावभर होतं. मग कोर्टाच्या आवारात घुटमळणारा कुणीतरी "ताई, भेट करून देतो, पाचशे लागतील" म्हणतो आणि ती निमूट पदराची गाठ सोडते.

महिला मंडळाच्या कामात अशा बायका भेटतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात.

पहिला अर्थातच, भेटता येईल का? येतं. तुरुंगात त्याला 'मुलाखत' म्हणतात आणि तिला पैसे लागत नाहीत. ओळखपत्र न्यावं, नातं सांगावं. दिवस आणि वेळ तुरुंगागणिक वेगळी, म्हणून आधी विचारूनच एसटीत बसा. पहाटे निघून, तान्हं कडेवर घेऊन गेलेली बाई 'आज वार नाही' ऐकून परत आलेली मी पाहिली आहे. २०२० साली करोनात मुलाखती बंद झाल्या तेव्हापासून मोबाईलवरची ई-मुलाकात बरीच रुळली. तिची नोंदणी मात्र आधी करावी लागते. घरचा डबा कोर्टाच्या परवानगीशिवाय आत जात नाही. रोख पैसेही हातात देता येत नाहीत. ते कैद्याच्या नावावर जमा होतात आणि त्यातून तो कॅन्टीनमधून साबण, बिस्किटं घेतो.

दुसरी गोष्ट, कच्चा आणि पक्का कैदी यातला फरक. केस चालू आहे तो कच्चा, शिक्षा झाली तो पक्का. कच्च्याला सक्तीचं काम नसतं. पुढे शिक्षा झालीच, तर आत काढलेले दिवस त्या शिक्षेतून वजा होतात. हे ऐकून किती जणींचा जीव भांड्यात पडतो म्हणून सांगू!

जन्मठेपेबद्दल तर नुसत्या वावड्या. 'चौदा वर्षांनी सोडतात', वर 'दिवस-रात्र वेगळे मोजतात, म्हणजे सातच'. दोन्ही खोटं. जन्मठेप म्हणजे आयुष्यभर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर स्पष्ट केलं. चौदाचा आकडा येतो तो असा, की खुनासारख्या, फाशीही होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात चौदा वर्षं भरल्याशिवाय सरकारला शिक्षेत सूट देऊन कैद्याला सोडता येत नाही. चौदा हा उंबरठा आहे, सुटकेची तारीख नव्हे. मुलीचं लग्न त्या हिशेबाने ठरवू नका.

सासू गेली, नवरा मातीला येईल का? पक्क्या कैद्याला दोन प्रकारच्या रजा असतात. संचित रजा आणि अडीअडचणीची अभिवचन रजा, म्हणजेच पॅरोल. अर्ज तुरुंगामार्फत जातो, सोबत मृत्यूचा वा आजारपणाचा कागद हवा. कच्च्या कैद्याला या रजा नाहीत, त्याच्यासाठी वकिलाने कोर्टातच परवानगी मागायची.

बाईच आत गेली तर? सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अशा मुलांचा आहार, औषधपाणी, बालवाडी यांबद्दल सूचना दिल्या आहेत. घरी राहिलेल्या मुलांना मात्र भेटायला नेतच नाहीत. 'मुलांच्या मनावर परिणाम होईल', हे बहुधा माणसंच स्वतःच्या लाजेपायी म्हणतात. आपल्या राज्यातल्या काही तुरुंगांत 'गळाभेट' कार्यक्रम होतो, त्यात मुलांना आई-वडिलांना जवळ घेता येतं, एकत्र बसून खाता येतं. चौकशी जरूर करा.

आणि वकील. दागिने इथेच जातात. कैदेतल्या कुणालाही, स्त्री असो वा पुरुष, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन १५१००. 'फुकटचा वकील काय लढणार' असं नाक मुरडण्याआधी एकदा जाऊन तर या. तिथे दोन गोष्टी विचारा. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून माणूस आत आहे का? असेल तर अट सैल करायला अर्ज करता येतो. आणि किती दिवस झाले? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला असेल, तर सुटकेचा प्रश्न कोर्टापुढे आलाच पाहिजे. इतरांना निम्मा काळ. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, अनेक केसेस असतील तरी नाही. म्हणून अटकेची तारीख आणि कलमं वहीत लिहून ठेवा. निम्म्या बायकांना कलमच माहीत नसतं.

पत्र लिहायचं असेल तर खुशाल लिहा. पण ते अधिकारी वाचून मगच आत देतात, तेव्हा केसची बाजू पत्रात मांडू नका, ती वकिलाला सांगा. पत्रात पाऊस किती झाला, कपाशी कशी आहे, धाकटीचे दात कितवे पडले, ते लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून लिहून घ्या.