टीम चालली सांगलीला, हलगी कुठंय?

खरं सांगा, तुमच्या कॉलेजची फुटबॉल टीम बाहेरगावी खेळायला गेली, हे तुम्हाला कधी कळतं? ती परत आल्यावर. जिंकून आली तर ग्रुपवर फोटो पडतो, हातात ढाल, शेजारी सर. हरून आली तर तेही कळत नाही.

शिवाजी विद्यापीठात सातारा, सांगली आणि कोल्हापूर असे तीन जिल्हे. आधी आपल्या झोनमध्ये खेळायचं, तिथून वर गेलं की इंटरझोनल. ती सांगलीत असली की साताऱ्याची पोरं अंधारात स्टँडवर जमतात. अकरा खेळणारे, चार-पाच राखीव, एक सर, बुटांच्या पिशव्या. उंब्रज, कराड, मग पेठ नाक्याला हायवे सोडायचा, आष्टा मागं टाकून सांगली. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. डब्यातली चपाती बसमध्येच संपते.

आता मैदानावर या. कडेला यजमान कॉलेजची पोरं उभी. त्यांच्या खेळाडूनं नुसता कॉर्नर मिळवला तरी गलका. आणि आपल्या पोरानं वीस यार्डांवरून गोल मारला की? शांतता. राखीव चौघं उड्या मारतात, सर टाळ्या वाजवतात, बास. आयुष्यातला सगळ्यात भारी गोल आणि तो बघायला कॉलेजातलं कुणीच नाही.

अमेरिकेतल्या कॉलेजांनी यावर फार पूर्वी उपाय काढला. तिकडचा फुटबॉल वेगळा, हातात धरून पळायचा. पण टीमसोबत कॉलेजचा बँडही मैदानात उतरतो. नोत्र दाम विद्यापीठाचा बँड १८४६ सालचा, म्हणजे त्यांच्या फुटबॉल टीमपेक्षाही जुना. ओहायो स्टेट विद्यापीठाचा बँड १९३६ पासून मैदानावर चालत चालत ‘ओहायो’ हे नाव इंग्रजीत लिहितो आणि शेवटी सुझाफोन हे अंगाभोवती गुंडाळलेलं अजस्र पितळी वाद्य घेतलेला एक जण ‘आय’ या अक्षरावरचा टिंब होऊन उभा राहतो. हा टिंब होण्यासाठी पोरं वर्षानुवर्षं सराव करतात. महत्त्वाच्या बाहेरगावच्या मॅचलाही बँडवाले बसमध्ये ट्रम्पेट, ड्रम भरून जातात. हजारो परक्या लोकांत एक कोपरा आपला असतो.

ते पैसेवाले, आपलं कसं जमायचं, असं म्हणाल. पण परक्या मैदानावर आपलं माणूस नसलं की काय होतं, हे सातारा जिल्ह्याइतकं कुणाला माहीत असणार?

सांगलीला जाताना कराड लागतं. कराडजवळच गोळेश्वर. तिथले खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेले, ते लोकांनी जमवलेल्या पैशांवर. ते ज्या कॉलेजात शिकले, त्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी तर घर गहाण ठेवून ७ हजार रुपये दिले. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीशी दमवणारी कुस्ती झाली आणि लगेच सोव्हिएत संघाच्या पैलवानासमोर उभं राहायला सांगितलं गेलं. नियमानं मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण तो नियम सांगून भांडायला त्या वेळी तिथं एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. तरीही ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

परत आल्यावर मात्र कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल वाजले, गाव लोटलं. तो मान त्यांचाच होता. पण गरज होती तेव्हा हेलसिंकीत कुणी नव्हतं. आपण आजही तेच करतो. जिंकून आल्यावर गेटवर गुलाल आणि डीजे, खेळताना शेजारी कुणी नाही.

बरं, आपल्याकडे वाद्य नाही असंही नाही. सातारा-सांगलीतल्या कुठल्याही कुस्ती मैदानात जा. हलगी, घुमकं आणि कैताळ आखाड्याच्या कडेलाच असतात. पैलवान नुसते एकमेकांना जोखत असतात तेव्हा हलगी सावकाश, पट काढला की ठेका चढतो आणि चितपट झाली की कडाडते. हलगीवाला कुस्ती वाचत असतो. हाच माणूस फुटबॉलच्या टचलाइनवर उभा राहिला तर?

आणि तो तुमच्या वर्गात बसलेलाही असू शकतो. फक्त तो सांगत नाही. हलगी पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः मातंग समाजानं सांभाळली. गावानं ती मिरवणुकीत पुढं ठेवली आणि वाजवणाऱ्याला पंगतीत मागं. त्यामुळे ‘मला हलगी येते’ हे वाक्य कॉलेजात म्हणायला आजही धीर लागतो. युवा महोत्सव जवळ आला की लोकवाद्यवृंदासाठी या पोरांची शोधाशोध होते, महोत्सव संपला की विसर पडतो. त्याला हलगी घेऊन बोलवायचं असेल तर बसमध्ये शेजारची सीट द्या, डबा एकत्र उघडा, टीमचा टी-शर्ट त्यालाही द्या. आणि ठेका शिकायलाही बसा. हलगी जातीनं येत नाही, सरावानं येते.

निघण्याआधी एवढं करा

• परवानगी : क्रीडा संचालक सरांना लेखी अर्ज द्या, सोबत येणाऱ्यांची नावं जोडा. यजमान कॉलेजला आधीच फोन करून विचारा. आयकार्ड खिशात ठेवा.

• माणसं : दोन हलग्या, एक घुमकं, एक कैताळ आणि दहा गळे पुष्कळ झाले.

• खर्च : प्रवासभत्त्याच्या यादीत सहसा खेळाडू आणि सरच असतात. वर्गणी काढा, पण वाजवणाऱ्यांकडून घेऊ नका. मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणजे पोरी जास्त आल्या तर बजेटही हलकं.

• हलगी : दमट हवेत चामडं सैल पडतं, आवाज बसतो. ते शेकून ताणावं लागतं. जाळ मैदानाबाहेर, विचारून करा. फायबरचं पान असेल तर ही कटकट नाही.

• शिस्त : रेफ्रीची शिट्टी ऐकू आलीच पाहिजे. कुणी जखमी झाला, मग तो कुठल्याही टीमचा असो, वाजवणं बंद. शेजारी परीक्षा किंवा दवाखाना असेल तर हलगी पिशवीतच. समोरच्यांना शिव्या नाहीत आणि मैदानात घुसायचं नाही. एकानं माती खाल्ली की शिक्षा टीमला होते.

• हरलो तर : हे सगळ्यात महत्त्वाचं. मॅच संपल्यावर टीम मान खाली घालून येते, तेव्हा एकदा वाजवाच. समोरच्या टीमसाठीही वाजवा.

पुढच्या वेळी नोटीस बोर्डावर टीमची यादी लागली की तारीख बघा. एक लेक्चर बुडेल, ते नंतर लिहून घेता येईल. पेठ नाक्याला बस वळेल तेव्हा मागच्या सीटवरून हलगीवर पहिली थाप पडू द्या. पुढं बसलेला गोलकीपर मागं वळून बघेल. त्याला कळेल, आज आपण सोळा जणच नाही.