घंटा वाजली की हात हलतात

सकाळी पावणेआठच्या सुमाराला आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या गल्लीच्या तोंडाशी घंटागाडी वळते आणि इमारतीत एकच पळापळ होते. कुणी दाढीचा फेस गालावर तसाच ठेवून जिना उतरतो, कुणी गाऊनवर ओढणी टाकून. एका हातात ओला कचरा, दुसऱ्या हातात सुका. एरवी गुडघ्यांवर बोलायला बसले की तास घेणारे वरच्या मजल्यावरचे आजोबासुद्धा त्या वेळी लिफ्टची वाट बघत नाहीत. दोन-तीन मिनिटांत डबे रिकामे होतात, गाडी पुढे सरकते. ‘आज राहू दे, कचरा उद्या देऊ’ असं म्हणणारा शेजारी मला अजून भेटलेला नाही.

आता याच माणसांच्या घरात शिरून बघा. पंख्याच्या पात्यांवर गेल्या दिवाळीपासूनची काळी किनार. बाथरूममधला नळ गळतो म्हणून त्याच्याखाली कायमची मांडलेली बादली. खुर्चीच्या पाठीवर बटण तुटलेला शर्ट, इतके दिवस की तो आता खुर्चीचाच वाटायला लागलाय. हे मी माझ्या घराचं वर्णन केलं. तुमचं घर वेगळं असेल तर माफ करा.

कचऱ्याच्या बाबतीत इतका तत्पर असलेला माणूस पंख्याच्या बाबतीत इतका ढिला कसा? आळशी म्हणावं तर तोच माणूस आत्ता दोन जिने धावत उतरला होता.

उत्तराचा एक धागा घंटागाडीच्याच इतिहासात आहे. नाशिक महापालिका १९८२ सालची. घंटागाडी तिने आणली ती नव्वदच्या दशकात. त्याआधी कोपऱ्यावर कचराकुंडी असायची. कुंडी चोवीस तास उघडी, आणि जे कधीही करता येतं ते आत्ताच करायचं कारण उरत नाही. घरातला डबा ओसंडून वाहायला लागला की मग कुणीतरी नाक मुरडत निघायचं, तेही अर्ध्या वाटेवरूनच पिशवी भिरकावायचं. गाडी आली आणि कचऱ्याला वेळ मिळाली. माणसं तीच होती, कचराही तोच होता.

मराठीला या दुखण्याची चांगली ओळख आहे. चालढकल, टाळाटाळ, अळंटळं, टंगळमंगळ, दिरंगाई, चुकारपणा असे कितीतरी शब्द, आणि प्रत्येकाची जात निराळी. दिरंगाई बहुतेक सरकारी असते. टंगळमंगळ करणारा कामाला लागलेला असतो, फक्त काम करत नसतो. घरकामात चालते ती चालढकल: नकार नाही, भांडण नाही, नुसतं पुढे ढकलायचं. ती फार सभ्य असते, म्हणूनच घरात वर्षानुवर्षे सुखाने नांदते.

मानसशास्त्र आता तिला आळसाच्या खात्यात टाकत नाही. फ्यूशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडणी केली ती अशी: माणूस काम टाळत नाही, त्या कामासोबत येणारी नकोशी भावना टाळतो. कंटाळा, किळस, ‘आपल्याला हे जमणार नाही’ची धाकधूक, ‘हे मीच का करायचं’चा राग. काम पुढे ढकललं की त्या क्षणी बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं हेच बक्षीस होऊन बसतं. त्याआधी २००७ मध्ये पिअर्स स्टील यांनी तोवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले होते. काम जितकं नावडतं आणि त्याचं फळ जितकं दूर, तितकी चालढकल जास्त, असं त्यातून दिसलं. पंखा पुसणं या दोन्ही कसोट्यांना उतरतं. मान दुखते, डोळ्यांत धूळ जाते, आणि फळ म्हणाल तर पुसलेल्या पंख्याकडे कुणी मान वर करून बघतही नाही. घरकामाचं दुर्दैवच हे, की केलेलं दिसत नाही, राहिलेलं दिसतं.

मग आमच्या आज्यांचं मानसशास्त्र पक्कं होतं म्हणून त्यांची कामं वेळेवर व्हायची का? मला तसं वाटत नाही. माझं लहानपण जुन्या नाशकातल्या वाड्यात गेलं. तिथे कामाची आठवण ठेवायची गरजच नव्हती, कामं स्वतः दारात येऊन हाक मारायची. नाशिक तांब्यापितळेचं गाव. भांडी बाजार अजून आहे. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की आंबट आमटी कळकायची, पण त्याची काळजी आधी करत बसायचं कारण नसे. गल्लीत कल्हईवाल्याची हाक आली की घराघरांतून पातेली बाहेर निघत. तो भाता लावून बसे, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कथिल फिरवी आणि तो भपकन उठणारा पांढरा धूर बघायला आम्ही पोरं गोळा होत असू. तो गल्ली सोडून जायच्या आत काम उरकायचं; नंतर कधी येईल याचा नेम नाही. गाद्यांसाठी पिंजारी तसाच. नळाला पाणी ठरावीक वेळी, म्हणून कपडे ठरावीक वेळी. घटस्थापनेच्या आधी सगळ्या गोधड्या घेऊन बायका गोदावरीवर जात. तिथे धुण्याची एवढी गर्दी उडे की आपल्या घरच्या गोधड्या मळक्या ठेवणं ही जाहीर गोष्ट झाली असती.

आणि वाळवणं! कुरडयांसाठी गहू एकदा भिजत घातला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी चीक काढावाच लागतो; गहू थांबत नाही, आंबून वास मारायला लागतो. एखादं काम नुसतंच लोंबकळत राहिलं की आपण त्याला ‘भिजत घोंगडं’ म्हणतो. घोंगडं भिजत पडलं तरी लगेच काही बिघडत नाही, म्हणून तर ते पडून राहतं. घरातली कामं मला या दोनच जातींची वाटतात: गव्हाची आणि घोंगड्याची.

फ्लॅटमध्ये आलो आणि गव्हाची कामं एकेक करून घोंगड्याची झाली. टाकीत पाणी चोवीस तास, मशीन घरात, भांडी स्टीलची, कुरडया विकत. बरंच झालं, त्या जुन्या वेळापत्रकाचा सगळा भार बायकांच्या पाठीवर होता आणि त्याच्या आठवणीने गहिवरण्याचा अधिकार मला नाही. पण घंटा वाजवणारं बाहेरचं कुणी राहिलं नाही, एवढं खरं.

घोंगड्याच्या कामावर व्याज कसं चढतं हे मला एका कांद्याच्या पोत्याने शिकवलं. उन्हाळ कांदा स्वस्त असताना नाशिकच्या बऱ्याच घरांत पोतं भरलं जातं. मीही मोठ्या हौसेने आणलं. कांदा हवेशीर पसरायचा आणि दर आठ-दहा दिवसांनी हात फिरवून मऊ पडलेला बाजूला काढायचा, एवढंच काम. दहा मिनिटं. चाळीत कांदा साठवणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. मी पोतं बाल्कनीत उभं केलं आणि पावसाळा सुरू झाला. ‘या रविवारी निवडू’ असे पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी पोत्याखालून काळपट पाणी बाहेर आलं आणि शेजाऱ्यांनी बेल वाजवली. अर्धं पोतं त्या दिवशी घंटागाडीत गेलं.

आईने एवढंच विचारलं, “अरे, पोळ्यांचा कधी राहतो का असा रविवार?”

तिच्या प्रश्नाला आकड्यांचा आधार आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनमोबदल्याची घरकामं करणाऱ्या बायकांची त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, आणि अशी कामं करणाऱ्या पुरुषांची ८८. या दोन आकड्यांमधली तफावत सर्वांना ठाऊक आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पोळ्या, डबे, धुणी ही बायकांकडे आलेली कामं गव्हाच्या जातीची. भुकेची घंटा दिवसातून तीनदा वाजते, चालढकल परवडतच नाही. ‘बघतो’ म्हणून पुरुषांनी अंगावर घेतलेली कामं बहुतेक घोंगडी: नळाचा वॉशर, माळा, पंखा, फ्यूज झालेला दिवा. त्यामुळे चालढकलीवरचे सल्ले लिहिणारे आणि वाचणारेही माझ्यासारखेच असतात. बाईला बहुधा सल्ल्याची गरज नसते, तिला दुसरे दोन हात हवे असतात.

तरी सल्ला हवाच असेल तर त्यातला एक मला पटला. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की ‘मी अमुक करीन’ असा नुसता संकल्प लंगडा पडतो. ‘तमुक झालं की मी अमुक करीन’ असं वाक्य बांधलं तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते. २००६ मध्ये त्याने आणि पास्कल शीरन यांनी मिळून ९४ अभ्यास तपासले, तेव्हाही हा परिणाम ठळकपणे दिसला. ‘रविवारी पंखा पुसू’ या वाक्यात घंटा नाही, कारण रविवार पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत असतो. ‘चहाचं आधण ठेवलं की स्टूल ओढू’ यात आहे. रोज हमखास घडणाऱ्या एखाद्या गोष्टीच्या शेपटीला नवं काम बांधायचं. मूड येण्याची वाट बघायची नाही. गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू चालवायचे, कीर्तन नंतर. रस्ता लख्ख होईपर्यंत गावाचाही मूड आलेला असायचा.

माझी घंटा मला दारातच सापडली. कचरा देऊन वर आलो की हात तसेही धुवायचे असतात. धुण्याआधी एक मळकं काम, चहाला उकळी येईपर्यंत. चहा झाला की काम जिथे असेल तिथे थांबवायचं. ही दुसरी अट मला जास्त कामाची वाटते, कारण ‘सुरू केलं तर अख्खी सकाळ जाईल’ ही धास्तीच मला स्टुलापासून लांब ठेवत होती. पहिल्या दिवशी शर्टाचं बटण लागलं (सुई शोधण्यात चहा उतू गेला). मग चपलांचं कपाट. नळाचा वॉशर आणायला चार दिवस लागले आणि बसवायला सहा मिनिटं. वर्षभर मी त्या सहा मिनिटांना घाबरत होतो.

काल पंखा काढला. म्हणजे पुसायला काढला. दोन पाती झाली आणि आतून हाक आली, “चहा गार होतोय.” नियम म्हणजे नियम. सध्या आमच्या हॉलमध्ये दोन पांढरी पाती आणि एक करडं असा पंखा आहे. फिरायला लागला की काही कळत नाही, पण बायकोने तो आज सकाळपासून मुद्दाम बंद ठेवलाय.