जनावर अचानक अत्यवस्थ झाले तर : दवाखान्यात नेण्याआधी आणि नेल्यावर



माणूस आजारी पडला की डॉक्टर त्यालाच विचारतात, कुठे दुखते, कधीपासून दुखते. गाय-म्हैस काही सांगत नाही. तिच्या वतीने बोलायचे ते तुम्ही. आणि नेमकी त्याच वेळी आपली त्रेधा उडालेली असते. रात्रभर जनावर तडफडलेले, टेम्पोवाला घाई करतोय, बरोबर आलेले चार जण चार गोष्टी सांगताहेत, आणि जिने सकाळी वैरण टाकली, धार काढली, ती घरधनीण मात्र घरीच राहिलेली! डॉक्टर विचारतात, "काल शेण टाकलं होतं का?" की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. म्हणून पहिली सूचना हीच, की रोज जनावराचं करणारं माणूस बरोबर असू द्या. मालक नसला तरी एक वेळ चालेल.

मी शेती पदवीधर आहे, पशुवैद्य नव्हे. तेव्हा औषधे सांगणे हे माझे काम नाही. पण दुभते जनावर आज हजारांत नाही, लाखाच्या घरात जाते. ते दगावले तर पुढची दोन-तीन वर्षे घराचा हिशेब बसत नाही. आणि बरीचशी जनावरे औषध नव्हते म्हणून जात नाहीत, वेळ गेला म्हणून जातात.

न्यायचे, की डॉक्टरांना बोलवायचे?

हा निर्णय पहिल्या दहा मिनिटांत घ्यावा लागतो. प्रत्येक जनावर टेम्पोत घालून नेण्यासारखे नसते.

व्यालेली गाय पहिल्या दोन-तीन दिवसांत अडखळते, मग बसते ती उठत नाही, मान पोटाकडे वळवून घेते, कान हाताला गार लागतात. हा दुग्धज्वर. नावात ज्वर आहे, पण अंग थंड असते. रक्तातला कॅल्शियम चिकात आणि दुधात उतरल्यामुळे हे होते. अशी गाय ओढून गाडीत चढवू नका. डॉक्टरांना गोठ्यावर बोलवा. ते मानेच्या शिरेतून कॅल्शियमची बाटली अगदी सावकाश लावतात आणि मधून मधून छातीला नळी लावून ठोके ऐकतात. "डॉक्टर, जरा भरभर सोडा की" असे कोणी म्हणू नये. भरभर गेले तर काळीज बंद पडू शकते. वेळेवर मिळाले तर पुष्कळ गायी तासाभरात शेण टाकून, उठून उभ्या राहतात.

मायांग बाहेर पडले असेल तरी शक्यतो डॉक्टरांनाच बोलवा. तोवर ते मातीला लागू देऊ नका, स्वच्छ ओल्या धोतराच्या फडक्यात धरा, मागची बाजू उंच ठेवा, कुत्री-कावळे जवळ येऊ देऊ नका.

तोंडात-खुरात फोड आले असतील, अंगावर लम्पीसारख्या गाठी असतील, तर ते जनावर दहा जनावरांच्या गर्दीत नेऊ नका. २०२२ साली लम्पीने किती गोठे रिकामे केले ते आपण पाहिले आहे. आधी फोन करा, डॉक्टर सांगतील तसे करा.

याउलट पोटात तार-खिळा गेल्याची शंका, पाय मोडणे, शस्त्रक्रियेची गरज, अशा वेळी मोठ्या दवाखान्यात नेण्यावाचून मार्ग नाही.

बोलावण्यासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. गाव, तालुका, कोणते जनावर, काय होते आहे, एवढे नीट सांगा. फिरत्या पथकाच्या गाडीत पशुवैद्य आणि त्यांचे मदतनीस असतात. पण गाडी एक आणि गावे अनेक, हे लक्षात ठेवून दुसरी सोयही बघून ठेवावी. जवळचा दवाखाना कोणत्या वेळेत उघडा असतो, तिथे पदवीधर पशुवैद्य असतात की पर्यवेक्षक, रात्री कोणाला फोन करायचा, जिल्ह्याचे सर्वचिकित्सालय कुठे आहे, हे जनावर धडधाकट असतानाच विचारून गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. परळ, शिरवळ, नागपूर, अकोला, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय शिक्षणाच्या संस्था आहेत आणि तिथल्या दवाखान्यांत अवघड जनावरे तपासली जातात. परळचे महाविद्यालय तर १८८६ सालचे. पण हे दूरचे ठिकाण. तालुक्याच्या डॉक्टरांनी पाठवले तरच तिकडे निघावे.

पोटफुगीला थांबता येत नाही

लसूणघास किंवा कोवळा हिरवा चारा ओला ओला भरपूर खाल्ला, की डावी भकाळी फुगते. बोटाने टिचकी मारली तर ढोलासारखा आवाज येतो. जनावर तोंड उघडून श्वास घेऊ लागले, की घड्याळाकडे बघायचे दिवस संपले. काही तासांत, कधी त्याहूनही लवकर ते जाते. फोन लागेपर्यंत त्याला चढावर पुढचे पाय उंचावर येतील असे उभे करा, बसू देऊ नका. तोंडात लगामासारखी आडवी कडुलिंबाची काडी बांधली तर लाळ सुटते, ढेकर येण्यास मदत होते. मात्र जीभ ओढून बाटलीने काही पाजू नका. आधीच धाप लागलेली असते. पाजलेले फुफ्फुसात उतरले, तर पोटफुगीतून वाचलेले जनावर चार दिवसांनी फुफ्फुसाच्या सुजेने जाते. माझ्या माहितीतल्या एका गावात असे झाले. म्हैस उतारावर आली होती, शेजाऱ्याने मायेपोटी तेल पाजले, आणि मग ठसका लागला तो लागलाच.

दवाखान्यात डॉक्टर नळी घालून वायू काढतील, किंवा अगदीच वेळ नसला तर डाव्या भकाळीत जाड पोकळ सुई टोचतील. वायू फुस्सकन बाहेर येतो, वास येतो. घाबरू नका. पण हे पाहून घरी विळ्याने प्रयोग मात्र करू नका.

गाडीत चढवताना

टेम्पोच्या तळाला वाळू किंवा भिजवलेला पेंढा टाका, नाहीतर घसरून पाय मोडतो आणि एका आजाराचे दोन होतात. बांधाला किंवा उंचवट्याला गाडी लावली तर जनावर चालत चढते. बसलेले जनावर उरावर बसवा, दोन्ही बाजूंना पेंढ्याची पोती लावा; कुशीवर आडवे पडून राहिले तर पोट फुगते. पाय मोडला असेल तर बांबूच्या कामट्या आणि फडके, बस्स. हाड बसवायच्या नादी लागू नका. शिंग मोडून रक्त येत असेल तर स्वच्छ फडके दाबून धरा.

बरोबर काय न्यावे? दावे, एक रिकामी बादली, चार माणसे आणि पैसे. शिवाय कानातला १२ अंकी पिवळा बिल्ला, कारण नोंद करताना नंबर विचारतात. विषबाधेचा संशय असेल तर फवारणीच्या औषधाची बाटली किंवा पुडा न्या. कोणते कीटकनाशक आहे ते कळले तर त्यावरचा उतारा ठरतो. कोवळी किंवा पावसाने ताण पडलेली ज्वारी खाल्ली असेल तर दोन धाटे बरोबर घ्या. अशा ज्वारीतल्या विषाने जनावर मिनिटांतच कोसळते. तेव्हा तिथे आधी फोन, मग धाटे.

खरे तेवढे सांगा

दवाखान्यात पोचल्यावर पहिला प्रश्न केव्हापासून, आणि दुसरा काय दिलं, हा असतो. दुसऱ्या प्रश्नावर लोक गप्प होतात. गावातल्या कोणी तरी सुई मारलेली असते, जडीबुटी पाजलेली असते, आणि डॉक्टर रागावतील म्हणून लपवले जाते. रागावले तर रागावू द्या. एकदा कॅल्शियम टोचलेले असताना पुन्हा तेच दिले तर धोका आहे. म्हणून सुई मारली असेल तर रिकामी बाटली खिशात घालून न्या आणि समोर ठेवा.

कुत्रा चावला होता का, हेही विचारतील. जनावराला गिळता येत नाही, लाळ गळते, विचित्र हंबरते, तर घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालण्याची सवय आपल्याला आहे. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग असेल तर त्या हाताला मरण आहे. तोंडात हात घालू नका, डॉक्टरांना आधीच सांगा. लाळेला हात लावलेल्या सगळ्यांनी हात साबणाने धुऊन लगेच सरकारी माणसांच्या दवाखान्यात जाऊन लस विचारावी.

रांग का मोडली?

दवाखान्यात पहिला आला तो पहिला, असा नियम तातडीच्या वेळी नसतो. ज्याला धाप लागली आहे, ज्याचे रक्त वाहते आहे, ज्याच्या पोटात वासरू अडले आहे, ते आधी. तुमची लंगडणारी गाय तासभर थांबेल. तुमच्या आधी दुसऱ्याची घेतली म्हणजे वशिला नव्हे. डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेले असू शकतात. म्हणून निघण्याआधी फोन करावा, हे पुन्हा सांगतो.

मग जनावर खोड्यात उभे करतात. शेपटीखाली तापमापी लावतात. गाईचा ताप साधारण १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास चांगला समजतात. पापणी उलटून रंग बघतात, डाव्या भकाळीवर मूठ ठेवून कोठीपोट हलते का पाहतात. कोपरापर्यंत हातमोजा घालून मागून हात घालतात. यात पाच-दहा मिनिटे जातात आणि बाहेरच्या माणसाला वाटते, इंजेक्शन सोडून हे काय चालले आहे! तपासल्याशिवाय मारलेली सुई म्हणजे अंधारात फेकलेला दगड आहे, बरी लागली तर लागली.

पोटातली तार काढायची असेल तर डावी भकाळी भादरून, तेवढ्याच भागाला बधिर करून, उभ्या जनावराचे पोट उघडतात. जनावर जागे असते, कधी कधी रवंथही करते. बघणाऱ्याला भोवळ येते, म्हणून म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना लांब बसवा. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात.

म्हैस अडली तर

यावर थोडे जास्त लिहितो, कारण श्रोत्यांच्या पत्रांत हा विषय वरचेवर येतो. म्हैस दिवस भरल्यावर अस्वस्थ होते, ऊठबस करते, थोड्या कळा देते आणि मग शांत होते. घरचे म्हणतात, वेळ आहे अजून. पाण्याची पिशवी दिसत नाही, काही नाही. प्रत्यक्षात गर्भाशयाला पीळ पडलेला असतो आणि वाट बंद झालेली असते. एक दिवस थांबला की वासरू जाते, दुसऱ्या दिवशी म्हशीची पाळी. कळा सुरू होऊन थांबल्या, किंवा पाण्याची पिशवी फुटून दोन तासांत वासराचे पाय-तोंड पुढे आले नाही, तर डॉक्टर हवेत. पाच जणांनी दोर लावून ओढणे हा उपाय नव्हे.

पीळ असेल तर डॉक्टर म्हशीचे पाय बांधून तिला आडवी करतात, पोटावर फळी ठेवतात, फळीवर एक माणूस उभा राहतो आणि ज्या बाजूला पीळ आहे त्या बाजूला तिला झटकन लोळवतात. एकदा, दोनदा, तीनदा. हे पाहून मालकाचे डोळे पांढरे होतात. पण पीळ सुटला की वाट मोकळी होते. त्यासाठी माणसे लागतात, म्हणून वर चार माणसे म्हटले. पीळ सुटला नाही तर पोट उघडून वासरू काढावे लागते.

व्याल्यावर बारा तासांत जार पडली नाही तरी दाखवावे. तिला वीट-दगड बांधू नये.

पैसे आणि पुढचे

सरकारी दवाखान्यात शुल्क थोडे असते, पण शस्त्रक्रियेची काही औषधे बाहेरून आणावी लागतात. लाजू नका, सुरुवातीलाच विचारा: वाचण्याची आशा किती, खर्च किती, आणि वाचली तर पुढे दुधाला-गाभाला चालेल का? डॉक्टर कधी सरळ सांगतात की आता हाल वाढवण्यात अर्थ नाही. ऐकायला कठीण जाते. पण त्या डॉक्टरांवर चिडून दुसरीकडे चार ठिकाणी फिरवत नेण्यात जनावराचे हाल आणि तुमचे कर्ज दोन्ही वाढते.

बरे होऊन घरी आणले तर चिठ्ठीवर एक गोष्ट लिहून घ्या: दूध किती दिवस डेअरीला घालायचे नाही. औषधाचा अंश दुधात उतरतो.

आणि दगावले तर? विमा असेल तर कंपनीला ताबडतोब कळवा, पशुवैद्यांकडून शवविच्छेदन करून घ्या, बिल्ला कानातच असू द्या. तो काढून टाकला तर दावा अडतो. वीज पडली, पुरात गेले, तर तलाठ्यांकडून पंचनामा होईपर्यंत पुरू नका. मात्र जनावर उभ्या उभ्या अचानक मेले आणि नाका-गुदातून काळसर, न गोठणारे रक्त आले, तर ती फाशी असू शकते. तिथे कातडे काढू नका, पोट फाडू नका, कोणाला हात लावू देऊ नका. मेलेल्या जागेपासून माणसे-गुरे दूर ठेवून डॉक्टरांना कळवा आणि ते सांगतील तसे खोल खड्ड्यात चुना घालून पुरा.